आधी धाकट्याने बोलायचं

हेडली ट्रेव्हॅनियन यांचा मी भक्त होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्यावर चिडलेला दिसेन, तेव्हा कुणाचा गैरसमज नको. हॅलिफॅक्सच्या गिरणीकामगाराच्या पोराला लंडनच्या वकिलांत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्या दिवसांत त्यांनी मला आपल्या टेबलाच्या कोपऱ्यावर जागा दिली. माझे मसुदे लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ केले, पण माझ्या बोलीला ते एकदाही हसले नाहीत. बाकी सगळे हसत.

पुढे ते न्यायाधीश झाले, अपील कोर्टात गेले आणि तिथे त्यांनी तो निकाल दिला. प्रकरण साधं होतं. एक बाई लग्न न करता एका माणसाबरोबर आयुष्यभर राहिली. घर त्याच्या नावावर होतं. तो मेला आणि त्याच्या वारसांनी तिला बाहेर काढलं. ट्रेव्हॅनियन म्हणाले, बाईने घरात पैसे घातले असते तर तिचा हिस्सा निघाला असता. पण रांधलं, धुतलं, दुखणी काढली, त्याचा हिस्सा होत नाही. आणि मग ते वाक्य आलं. ‘प्रेमाने केलेल्या कामाचं मोल कायदा करत नाही, कारण मोल केलं की ते प्रेम उरत नाही.’

काय वाक्य आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. कॉलेजांत ते शिकवत, खालचे न्यायाधीश आपापल्या निकालात ते उतरवून घेत, एका बिशपने म्हणे प्रवचनातही घेतलं. आणि पुढची वीसेक वर्षं त्या देखण्या वाक्याच्या जोरावर इंग्लंडभर बायका आपल्याच स्वयंपाकघरांतून बाहेर पडत राहिल्या. आमच्या देशात हे असं आहे. संसदेचे जाडजूड कायदे लोक विसरतात, पण मोठ्या न्यायाधीशाच्या तोंडून एक वाक्य निघालं की ते घराघरात जाऊन बसतं आणि पिढीभर हलत नाही.

एल्सी टॅटर्सलचं अपील आमच्यापुढे आलं ते ऐंशीच्या दशकात. ट्रेव्हॅनियन तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्समधले, म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टातले, सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश होते आणि मी नुकताच तिथे पोचलो होतो. आमच्या वर कोर्ट नव्हतं. एल्सी ग्रिम्सबीची. सिरिल बूथरॉइडबरोबर तिने सगळी उमर काढली, शेवटच्या आजारात त्याला भरवलं, पुसलं. तो मृत्युपत्र न करता गेला आणि ज्या भावाने त्याला कित्येक वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं, तो घराची किल्ली मागायला आला. खालच्या दोन्ही कोर्टांनी हळहळ व्यक्त केली, ट्रेव्हॅनियन यांचं वाक्य उद्धृत केलं आणि एल्सीला घर सोडायला सांगितलं. आम्ही नाही म्हटलं असतं तर तिला बहिणीच्या घरी सोफ्यावर झोपण्यावाचून दुसरी जागा नव्हती.

स्वतःच्याच निकालाची परीक्षा होती, तेव्हा ट्रेव्हॅनियन बाजूला होतील असं सगळ्यांना वाटलं. ते झाले नाहीत. हट्टाने अध्यक्ष म्हणून बसले. मला संताप आला. म्हातारा आपलं लेकरू राखायला आलाय, असं मी घरी बायकोला, डोरीनला, म्हणालोसुद्धा.

सुनावणीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. प्रकरणाबद्दल आधी बोलायचं नाही हा आमच्यातला पक्का नियम होता. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. ते खिडकीजवळ बसले होते, पुढ्यात लोणी लावलेला गोड पाव होता. कॉलर एका बाजूने फुगलेली होती.

“गार्साइड, तुझ्या शर्टांना इस्त्री कोण करतं रे?”

“डोरीन करते.”

“तिला विचार, कॉलर आधी आतून करायची का बाहेरून. इतकी वर्षं करतोय, पण चुणी पडल्याशिवाय राहत नाही.”

“तुम्ही स्वतः करता?”

“मग कोण करणार? मार्जरी अंथरुणाला खिळली तेव्हा शिकलो. नर्स ठेवली होती, पण तिने पळवून लावली. मग मीच बटाटे सोलायचो, मीच चादर बदलायचो, माणूस वर झोपलेला असताना. कधी केलंयस?”

“नाही.”

“करून बघ. ती पडल्या पडल्या चुका काढायची. एवढी उलटतपासणी माझी कुठल्या वकिलाने घेतली नव्हती.” ते हसले आणि खिडकीबाहेरच्या नदीकडे वळले. त्यांच्या पत्नी मार्जरीबाई गेल्या त्याला वर्षही झालं नव्हतं. मी पाव खाल्ला.

निघताना ते म्हणाले, “वाद संपले की आधी तू बोलशील. जरा मोठ्याने बोल. माझा उजवा कान गेलाय, आणि तुझी खुर्ची नेमकी त्या बाजूला आहे.”

हे मी धमकी म्हणून घेतलं. डोरीनला कॉलरचं विचारायचंही विसरलो.

आमची रीत अशी होती. दोन्हीकडचे वकील बोलून झाले की खोली रिकामी करायची, दारं लावायची, आणि पाचजणांनी एकेक करून मत सांगायचं. सुरुवात सगळ्यांत धाकट्याने करायची आणि अध्यक्षाने शेवटी बोलायचं. मध्ये कुणी कुणाला अडवायचं नाही. मोठ्यांचं मत आधी ऐकलं की धाकट्याची मान आपोआप हलते, म्हणून कुणा शहाण्याने हे पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. कागदावर ही रीत फार छान दिसते. पण ज्याचा निकाल चुकीचा म्हणायचा तोच समोर बसलेला असेल, आणि त्यानेच तुम्हाला माणसांत आणलं असेल, तर ती पाळणं तितकं सोपं नसतं.

सुनावणी दोन दिवस चालली. एल्सी मागच्या बाकावर निळा कोट घालून, मांडीवर मोठी पर्स घेऊन बसली होती. तिचा वकील पिंकनी तरुण, हुशार आणि घाबरट होता. ट्रेव्हॅनियन यांनी त्याला अक्षरशः सोलून काढलं.

“मिस्टर पिंकनी, म्हणजे आईने मुलांना स्वयंपाकाचं बिल द्यावं?”

“नाही, माय लॉर्ड.”

“मग बहिणीने भावाला द्यावं? शेजारणीने सूप आणून दिलं तर तिला एक खोली द्यावी?”

“तसं माझं म्हणणं नाही, माय लॉर्ड.”

“मग रेघ कुठे मारायची ते सांगा ना. मला तरी सापडली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंकनीने नांगी टाकली आणि बॉयलर पकडला. एल्सी एक हिवाळाभर गोदीवरच्या मासळीच्या कारखान्यात कामाला गेली होती आणि त्या पैशातून घर आणि पाणी तापवायचा बॉयलर बसवला होता. म्हणजे तिने घरात पैसे घातले होते. म्हणजे खुद्द ट्रेव्हॅनियन यांच्या निकालाप्रमाणेही तिला हिस्सा मिळायला हवा. मागे एल्सी शेजारच्या बाईला कुजबुजली, “तो कधीच मोडीत गेला. आता दुसरा आहे.” ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आता माझ्या मनातलं सांगतो. बॉयलरची वाट सोपी होती. जुना निकाल चुकीचा म्हणायचा नाही, फक्त हे प्रकरण जरा वेगळं आहे म्हणायचं, की कुणाचं मन न दुखवता काम होतं. आमचा निम्मा कायदा असल्या सभ्यपणावर उभा आहे. बॉयलरवर सगळेच हो म्हणाले असते, अगदी बुकॅननसुद्धा. आम्हा पाच न्यायाधीशांतला हा बुकॅनन स्कॉटलंडचा, कडक, हुशार, रुळलेला नियम मोडायला सहसा तयार न होणारा. पण मोडीत गेलेल्या बॉयलरच्या बदल्यात अख्खं घर देणं हा निव्वळ बहाणा होता. जुना निकालच चूक आहे असं म्हणायचं, तर बॉयलर हा बहाणा आहे हेही म्हणावं लागणार. आणि मतं उलटी पडली तर तोच बहाणा परत कुठल्या तोंडाने मागायचा? एल्सीचं घर जाणार. उलट बॉयलर धरला तर एल्सीला घर मिळणार, ट्रेव्हॅनियन यांचा मान राहणार, आणि ज्या बायकांनी बॉयलर बसवले नव्हते त्या बहिणींच्या सोफ्यावर झोपत राहणार.

मी बॉयलर धरला. एल्सीसाठी, असं स्वतःला सांगितलं.

खोली रिकामी झाली. दारं लागली. पाचजण अर्धगोल टेबलाशी बसलो होतो, सगळे साध्या सुटात. आमच्याकडे विग वकिलांनी घालायचा, न्यायाधीशांनी नाही. ट्रेव्हॅनियन यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी सुरुवात केली. आधीचा निकाल किती मोलाचा, किती सूक्ष्म विचारांचा, वगैरे वगैरे. मग म्हणालो की सुदैवाने आपल्याला त्याला हात लावायची गरजच नाही, कारण या प्रकरणात एक बॉयलर आहे.

“थांब,” ट्रेव्हॅनियन म्हणाले.

बुकॅनन दचकला. “हेडली, मध्ये बोलायची रीत नाही आपली.”

“रीत मला माहीत आहे, बुकॅनन. तुझ्या आधीपासून माहीत आहे. धाकट्याला खरं बोलता यावं म्हणून ती आहे. हा बॉयलरवर बोलतोय.” मग ते पूर्ण माझ्याकडे वळले, चांगला कान पुढे करून. “गार्साइड, मी चुकलो होतो की नाही?”

या माणसाने मला पहिलं अशील मिळवून दिलं होतं.

“चुकला होतात,” मी म्हणालो.

“मोठ्याने.”

“तुम्ही चुकला होतात.”

“हं. आता का ते सांग. आणि बॉयलरचं नाव काढू नकोस.”

मग मी बोललो. कसा बोललो मला नीट आठवत नाही, पण तरुणपणी मोठ्या कष्टाने घालवलेली माझी हॅलिफॅक्सची बोली परत आली होती हे पक्कं आठवतं. मी म्हणालो, वाक्य सुंदर आहे, मला पाठ आहे, पण ते अर्धंच आहे. प्रेमाचं मोल करू नये, मान्य. पण त्या प्रेमावर उभं राहिलेलं घर भावाला फुकट का मिळावं? त्याने तर प्रेमही केलेलं नाही. आई आणि शेजारीण यांची भीती घालण्यात अर्थ नाही. दोघांनी मिळून एक संसार उभा केला का, एवढंच विचारायचं. रेघ तिथे आहे. मी म्हणालो, ही रेघ काढणं अवघड आहे, पण अवघड कामासाठीच आपल्याला इथे बसवलंय.

बाकीच्या न्यायाधीशांपैकी पेल्हॅम माझ्या बाजूने बोलला, थोडक्यात. ऑलरेड विरुद्ध गेला. मग बुकॅनन बोलला, आणि त्याला मानलं पाहिजे, उत्तम बोलला. तो म्हणाला, लोकांनी या निकालावर विसंबून वीस वर्षं घरं घेतली, मृत्युपत्रं केली. पाच म्हाताऱ्यांना आज दया आली म्हणून ते सगळं उलटंपालटं करायचं का? बदलायचं तर संसदेने बदलावं, तिला लोकांनी निवडून दिलंय, आपल्याला कुणी दिलेलं नाही. दोन विरुद्ध दोन झाले होते. बॉयलर मी सोडून दिला होता. एल्सी बाहेर बाकावर पर्स धरून बसली होती, आणि तिचं घर आता त्याच माणसाच्या हातात होतं ज्याच्या वाक्याने ते गेलं होतं.

ट्रेव्हॅनियन यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी दोन दिवस त्या बिचाऱ्या पिंकनीला छळलं. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा आपली अब्रू वाचवतोय.” ते माझ्याकडे बघत नव्हते, तरी माझे कान तापले. “माझ्या निकालाच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते सगळं मी म्हणून पाहिलं. मी बाजूला झालो असतो, तर तुम्ही माझ्या पाठीमागे त्या निकालाला हळुवारपणे वागवलं असतं. फुलं वाहिली असती आणि बॉयलरवर काम भागवलं असतं. मला तो नीट उभा राहतो का ते बघायचं होतं. नाही राहत. अपील मंजूर.”

मग ते बुकॅननकडे वळले.

“बुकॅनन, तू तुझं विरोधी मत लिही, चांगलं, हात न राखता लिही. कोण जाणे, वीस वर्षांनी तूच बरोबर ठरशील. गार्साइड, मुख्य निकाल तुझा. मी एक ओळ घालीन.”

मी निकाल लिहिला आणि मसुदा त्यांना दाखवला. त्यांचा मान राखावा म्हणून त्यात मी घातलं होतं, की आधीचा निकाल त्या काळच्या परिस्थितीत योग्यच होता. मसुदा परत आला तेव्हा त्या वाक्यावर लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. समासात लिहिलं होतं, ‘त्या काळीही चूकच होती. खोटं लिहू नकोस.’ त्यांच्या स्वतःच्या मतात खरोखर एवढंच होतं: ‘आधीचा निकाल माझा होता. तो चुकीचा होता. मी लॉर्ड गार्साइड यांच्याशी सहमत आहे.’

माझा निकाल आज विद्यार्थी वाचतात, त्यावर परीक्षेत प्रश्न येतात, आणि बरेचजण त्यात नापास होतात. पण न्यायाधीश वाचतात ती ट्रेव्हॅनियन यांची ओळ. एखाद्याला आपलाच जुना निकाल मोडायची वेळ आली की तो ती आधी लिहून घेतो आणि मग पुढचं लिहितो. माझ्यावरही ती वेळ आली. तेव्हा समोर धाकट्या खुर्चीत एक चुणचुणीत पोरगा होता, फार सभ्यपणे बोलत होता. मी त्याला मोठ्याने बोलायला लावलं. माझे दोन्ही कान शाबूत होते.

पण एल्सीचं राहिलं. निकाल जाहीर झाला त्या दिवशी मी आणि ट्रेव्हॅनियन वरच्या मजल्यावरच्या लांबलचक बोळातून चाललो होतो. ती एका बाकावर एकटीच बसली होती. पिंकनी फोन करायला गेला होता. साध्या सुटातले दोन म्हातारे बघून तिने आम्हाला तिथले कारकून समजलं असावं. दोन दिवस तिने आम्हाला लांबून, मागच्या बाकावरून पाहिलं होतं.

“अहो, इथून बाहेर पडायची वाट कुठे आहे? सगळी दारं सारखीच दिसतात.”

“मलाही पहिली काही वर्षं सापडत नव्हती,” ट्रेव्हॅनियन म्हणाले आणि चक्क तिच्या शेजारी बसले. “जिंकलात म्हणे तुम्ही.”

“जिंकले म्हणे. मला तर काही कळलं नाही. एकजण उठून दोन शब्द बोलला, मग बाकीचे एकेक उठून बोलले, की झालं. घर माझंच राहणार म्हणतो तो पोरगा.” तिने पर्स घट्ट धरली. “सिरिलच्या भावाच्या वकिलाने पत्रात एक वाक्य लिहून पाठवलं होतं. कुणा बड्या जजचं होतं. प्रेमाने केलेल्या कामाचं मोल कायदा करत नाही आणि काय काय. इतक्यांदा वाचलं की पाठच झालं.”

“मलाही पाठ आहे,” ट्रेव्हॅनियन म्हणाले.

“छान आहे हो तसं. पण लिहिणाऱ्याने एकदा घरी बायकोला वाचून दाखवायला हवं होतं.”

मी खाली बघितलं. त्यांना हाताला धरून उठवावं असं वाटलं मला.

“दाखवलं होतं,” ट्रेव्हॅनियन म्हणाले. “निकाल देण्याच्या आदल्या दिवशी, जेवताना.”

“मग? काय म्हणाली ती?”

“म्हणाली, हेडली, वाक्य फार सुंदर आहे. आता ते खोड, आणि त्या बाईला तिचं घर परत दे.”

एल्सी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती आता ओरडणार, असं मला वाटलं, आणि ती ओरडली असती तर मी तिला दोष दिला नसता.

“आहेत का त्या?” तिने विचारलं.

“नाही. गेल्या हिवाळ्यात गेली.”

एल्सीने पर्स बाजूला ठेवली. मग हात पुढे करून तिने त्यांची फुगलेली कॉलर दाबून बसवली, टायखाली नीट सरकवली आणि एकदा लांबून बघितली.

“आधी आतून करायची असते,” ती म्हणाली. “मग बाहेरून.”